तेरा वर्षांचं ब्रेक ऑइल

माझ्या बाबांना कंपनीत सगळे 'चुळबुळे' म्हणायचे. आडनाव नव्हे ते, माणूस बघून ठेवलेलं नाव. एकतीस वर्षं त्यांनी लोकांच्या लिफ्ट दुरुस्त केल्या आणि एकतीस वर्षांत त्यांना खुर्चीला पाठ टेकून बसलेलं कुणी पाहिलं नाही. जेवताना तीनदा उठायचे. एकदा गॅसचं बटण बघायला, एकदा दाराची कडी बघायला आणि एकदा आपण कशासाठी उठलो होतो ते आठवायला. कुणाकडे गेले, तर घरच्या बाईनं पाणी आणेपर्यंत यांनी तिच्या दाराची बिजागरी हलवून पाहिलेली असायची. लोक म्हणतात पायाला भिंगरी आहे. बाबांची भिंगरी डोक्यात होती. पाय बिचारे तिच्या मागून धावायचे.

मी त्यांची एकुलती एक मुलगी. मला एका जागी बसता येतं, पण गप्प बसता येत नाही. राग कायम नाकाच्या शेंड्यावर. आणि आम्हा दोघांच्या मध्ये आई. ती शाळांचे गणवेश आणि हॉटेलांचे पडदे शिवायची. सकाळपासून घरात तिच्या मशीनची घरघर असायची आणि त्या घरघरीवर बाबांची बडबड. कारण बाबा नुसते फिरायचे नाहीत, फिरता फिरता बोलायचे. "दूध बघ हं. बघितलंस? उतू जाईल. नाही जाणार म्हणा, पण बघ." आई मान वर करून "बघितलं" म्हणायची आणि पुन्हा शिवायला लागायची. तीस वर्षं हा संसार असा चालला होता, आणि मला तरी त्यात काही बिघाड दिसत नव्हता.

लिफ्टच्या कामात मात्र बाबांची ही चुळबूळ म्हणजे वरदान होती. त्यांच्या कंपनीत नियम होता, की ब्रेकचं काम झालं की रजिस्टरात दोन सह्या हव्यात. एक काम करणाऱ्याची, दुसरी तपासणाऱ्याची, आणि दोघं एकच माणूस असून चालायचं नाही. एकदा यांचा जोडीदार जेवायला गेला तो दोन तास आलाच नाही. बाबांनी बारा मजली इमारतीची लिफ्ट दोन तास बंद ठेवली. लोक पिशव्या घेऊन जिना चढत होते, जाता जाता बाबांचा उद्धार करत होते. साहेबांचा फोन आला, की अहो तुम्हीच करा ना दुसरी सही, कोण बघतंय. बाबा म्हणाले, मी बघतोय ना.

गाडीवर त्यांचा पहिल्यापासून राग होता. गाडी आमची स्वतःची, तेरा वर्षांपूर्वी नवी घेतलेली, तिला ते रोज पुसायचे, पण तिच्या ब्रेकबद्दल त्यांचं मत वाईट होतं. "लिफ्टचा ब्रेक स्प्रिंगनं आवळलेलाच असतो," ते सांगायचे. "वीज आली की सुटतो, वीज गेली की पुन्हा आवळतो. म्हणजे काहीही बिघडू दे, लिफ्ट थांबणार. गाडीचं उलटं. काही बिघडलं की गाडी सुटली. हे ज्यानं ठरवलं, त्याला मला एकदा भेटायचंय."

तर त्या रविवारची गोष्ट. मी नर्स आहे. माझी बदली डोंगरावरच्या दवाखान्यात झाली होती आणि सोमवारी सकाळी आठला हजर व्हायचं होतं. राहायला खोली तिथंच, पण औषधांचं कोठार पायथ्याशी. म्हणजे आठवड्यातून तीनदा घाट उतरायचा आणि चढायचा. तोच सात वळणांचा घाट, ज्यावरून आम्ही दर उन्हाळ्यात मावशीकडे जायचो. बाबांनी स्वतःहून गाडी माझ्या नावावर केली होती. "जुनी आहे, पण माझ्या हाताखालची आहे," असं म्हणाले होते. मला खरंच भरून आलं होतं.

आठ दिवस आधी गाडीचे कागद माझ्या ताब्यात द्यायला म्हणून त्यांनी पुढचा खण उपसला आणि तळाशी गाडीचं माहितीपुस्तक सापडलं. तेरा वर्षं प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीचं तोंडही न उघडलेलं. बाबांनी ते उभ्या उभ्या सबंध वाचलं. त्यात एका पानावर लिहिलं होतं, की ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी संपूर्ण बदलावं. बाबांनी ते कधीच बदललं नव्हतं. कमी झालं की वरून भर घातली, बस. लोकांना सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण, असं मी म्हणालेसुद्धा, हसत. ते हसले नाहीत.

त्या दिवसापासून मात्र त्यांच्या चुळबुळीला वेगळंच वळण लागलं. आधी ते फिरत असले तरी घरात काहीतरी दुरुस्त होत असायचं. आता नुसत्या येरझाऱ्या. गॅलरीतून खाली गाडीकडे बघायचे, परत आत यायचे, पुन्हा गॅलरीत. ताटावर बसून मला समजावत होते, "हे तेल हवेतलं पाणी ओढून घेतं. झाकण बंद असलं तरी हळूहळू ओढतं. साध्या रस्त्यावर काही कळत नाही. घाट उतरताना पाय सारखा ब्रेकवर असतो, चाकं तापतात, तेल तापतं, आणि आतलं पाणी उकळतं. पाण्याची वाफ झाली. वाफ दाबली जाते, तेल दाबलं जात नाही. मग पेडल दाबशील तर ते खाली जाईल आणि चाकाला काहीच कळणार नाही." हे सांगताना त्यांनी घास हातातच ठेवला होता. मी म्हटलं, बाबा, बदलून टाकू ना मग, त्यात काय एवढं. कोपऱ्यावरचा गॅरेजवाला अर्ध्या तासात करून देईल.

"गॅरेजवाला नको," ते म्हणाले. "मी करणार. माझ्या हातून राहिलंय."

रविवारी सकाळी आठलाच त्यांनी गाडी घरामागच्या फरशीवर घेतली. पुढच्या चाकांना लाकडी ठोकळे लावले, मागून जॅक लावला, जॅकवर भरवसा नको म्हणून लोखंडी घोड्या लावल्या, घोड्यांवर भरवसा नको म्हणून बाजूला काढलेलं चाकही गाडीखाली आडवं सरकवलं. काम दोघांचं होतं. एकानं आत बसून पेडल दाबायचं, दुसऱ्यानं चाकाजवळ बसून तिथली छोटी पोकळ निपल पान्यानं किंचित सैल करायची. दाबलेलं तेल प्लास्टिकच्या नळीतून बाटलीत येतं, त्याबरोबर आतली हवाही येते. मग निपल आवळायची, आणि ती आवळल्यावरच पेडलवरचा पाय सोडायचा. आधी सोडला, की बाहेरची हवा उलटी आत ओढली जाते आणि केलेलं सगळं मुसळ केरात. सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात, शेवटी ड्रायव्हरजवळचं चाक, आणि मध्ये मध्ये वरच्या डबीत नवं तेल घालत राहायचं. बाबांनी हे आदल्या दिवशी कागदावर लिहून काढलं होतं आणि बॉनेटला चिकटपट्टीनं चिकटवलं होतं.

पेडलवर त्यांनी मला बसवलं नाही. मी धसमुसळी, असं त्यांचं मत. "तुझी आई बसेल. जन्मभर पायानं काम केलंय तिनं. मशीन टाका-टाका चालवते. तिच्या पायासारखा पाय गावात नाही."

आईनं पडदे शिवायचं काम बाजूला ठेवलं, चपला काढून ड्रायव्हरच्या जागी बसली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. मी वरच्या खोलीत सामान बांधायला गेले. खिडकीतून सगळं ऐकू येत होतं.

"दाब. पुन्हा दाब. आता धर. धरलंस? धर हं. सोडू नकोस. आलं बघ, आलं. काय काळं आलंय. धरलंयस ना?"

"हो."

"हां, सोड आता."

पहिल्या चाकातून कोऱ्या चहासारखं तेल आलं आणि त्याच्याबरोबर बुडबुडे. बाबा खूश झाले. हवा निघतेय म्हणजे काम होतंय. मग दुसरं चाक, तिसरं, चौथं. अकरा वाजता चारही चाकं झाली, तेल मधासारखं स्वच्छ यायला लागलं होतं, पण पेडल दाबलं तर ओल्या गादीवर पाय ठेवल्यासारखं निम्म्यापर्यंत जात होतं. आणि नळीत बुडबुडे होतेच.

"काही नाही," बाबा म्हणाले, "एकदा फिरून करू."

दुसऱ्या फेरीलाही तेच. मग बाबांच्या डोक्यातली भिंगरी सुटली. नळी सैल आहे म्हणून त्यांनी नळीला तार आवळली. मग निपलचे आटे झिजलेत. मग मुख्य सिलिंडरचं रबर गेलंय. मग बाटलीच खराब असेल. पाना हातातून पडला, तो गाडीखाली गेला, तो काढताना कोपर खरचटलं. आई आतून म्हणाली, "नाचता येईना अंगण वाकडं." एरवी बाबा यावर हसले असते.

"तू नीट दाब," ते म्हणाले. "तुझं लक्ष नाहीये."

"नीटच दाबतेय."

"नीट दाबत असतीस तर हवा आली असती का?"

आईनं पाय पुन्हा पेडलवर ठेवला. मला खिडकीत ऐकू आलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली. स्वतःच्या हातून तेरा वर्षं झालं नाही आणि बोलणी आईला. मी खाली उतरले, म्हटलं, "बाबा, साडेबारा वाजले. मला तीनला निघायचंय. पुरे झालं आता, गॅरेजवाल्याला बोलावते."

ते चाकाशी उकिडवे बसले होते, हात तेलकट, कपाळावर काळा पट्टा. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "उद्या जा," म्हणाले.

"उद्या आठला हजर व्हायचंय."

"मग बसनं जा. गाडी नाही देत मी."

"दिलेली गाडी परत घेता?"

"घेतो."

मी स्वयंपाकघरात जाऊन दार लावलं आणि गॅरेजवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "ताई, तीन वाजता आणा, जाता जाता बघून देतो." मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला, आणि मला स्वतःची लाज वाटली. गाडी चालवायची मला भीती नव्हती. बाबांनी केलेल्या ब्रेकवर माझा विश्वास बसत नव्हता, ही खरी गोष्ट होती. ज्या माणसानं बारा मजली इमारतीला पिशव्या घेऊन जिना चढायला लावला, त्याच्या कामावर मी त्याच्या पाठीमागे दुसऱ्याला बोलावत होते. आणि हे त्यांच्या तोंडावर सांगायची माझी छाती नव्हती.

एक वाजता आईला निदान पाणी तरी द्यावं म्हणून मी गाडीचं दुसरं दार उघडून तिच्या शेजारी बसले. ती घामानं भिजली होती. पाच तास त्या जागेवर, पाय पेडलवर. बाबा मागच्या चाकाशी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करत होते.

"दाब. दाब. धर."

आईनं पेडल दाबून धरलं. मागे पान्याचा कुरकुर आवाज झाला, पेडल हळूहळू खाली गेलं. सगळं ठीक. तेवढ्यात मागून आवाज आला, "धर हं, सोडू नकोस," आणि आईचा पाय वर आला. फार नाही, बोटभर. लगेच पुन्हा खाली गेला.

मला वाटलं मला भास झाला. मी पायाकडेच बघत बसले. पुढच्या खेपेला बाबा म्हणाले, "आलं बघ," पाय बोटभर वर. "धरलंस का?" पुन्हा वर. "हो," आई म्हणाली, आणि तिला मनापासून वाटत होतं की तिनं धरलंय.

मग मला एकदम कळलं आणि मला हसावं की रडावं तेच समजेना. मी पाच वर्षांची असताना शेजारीण गप्पा मारायला आली होती आणि आईच्या बोटात मशीनची सुई आरपार गेली होती. तेव्हापासून आईनं स्वतःला नियम घालून घेतला होता, की कुणी बोललं की पाय उचलायचा. आधी मशीन थांबवायचं, मग उत्तर द्यायचं. वीस-बावीस वर्षांत तो नियम डोक्यातून उतरून पायात जाऊन बसला होता. बाबा घरात "दूध बघ हं" म्हणाले की मशीन थांबायचं, म्हणजे दिवसातून दोनशे वेळा तरी थांबत असेल. आणि आता हाच माणूस चाकाशी बसून सारखा बडबडत होता, आणि प्रत्येक "सोडू नकोस"ला ती सोडत होती.

"आई," मी हळूच म्हटलं, "बाबा बोलले की तू पाय उचलतेस."

"काहीतरीच काय."

"बघ तू स्वतःच."

पुढच्या "धर हं"ला तिनं आपल्या पायाकडे बघितलं. पाय वर आला. ती त्याच्याकडे अशी बघत राहिली, जसा तो दुसऱ्या कुणाचा असावा. तिचा चेहरा उतरला. "मला कळलंच नाही गं," म्हणाली. "सकाळपासून मीच घालवतेय तुझं काम."

बाबांना मी सांगितलं. मला वाटलं होतं ते आईवर ओरडतील, आणि मी ओरडायला तयार होते. ते पाना हातात घेऊन उभे राहिले. आईच्या खिडकीशी आले.

"तुझा पाय बरोबर आहे," ते म्हणाले. "माझं तोंड चुकतंय."

"मग बोलू नका ना," आई म्हणाली.

एवढं सोपं होतं, आणि बाबांना तेवढंच जमत नव्हतं. ठरलं असं, की पान्यानं चाकाजवळच्या लोखंडावर एकदा ठोकलं की दाबायचं, दोनदा ठोकलं की सोडायचं, आणि मध्ये अवाक्षर नाही. पहिल्याच खेपेला बाबा एकदा ठोकून म्हणाले, "धर हं." दुसऱ्या खेपेला "आलं" म्हणून अर्ध्यावर जीभ चावली. तिसऱ्या खेपेला मी घरातून टॉर्च आणला आणि म्हटलं, हा तोंडात धरा, म्हणजे उजेडही पडेल. दिवसाढवळ्या तोंडात टॉर्च धरून माझे बाबा चाकाशी बसले. त्यांच्या गालाचे स्नायू हलत होते, बोलायला काहीतरी सारखं वर येत होतं, पण टॉर्च पडू द्यायचा नाही म्हणून ते दातांवर दात आवळून होते. एक ठोका, मग शांतता, मग दोन ठोके. आईचा पाय दगडासारखा. घरामागे इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती.

चौथं चाक झालं तेव्हा नळीतून नुसतं तेल येत होतं, मधाच्या रंगाचं, एकही बुडबुडा नाही. आईनं पेडल दाबलं आणि ते वरच्या वरच थांबलं. तिनं पुन्हा दाबलं. मग मला दाबायला लावलं. जमिनीवर पाय रोवल्यासारखं घट्ट होतं.

बाबांनी टॉर्च काढला. आता बोलतील असं आम्हाला वाटलं, पण ते काही न बोलता हात धुवायला नळावर गेले. चाकं चढवली, नट आवळले, मग उलट्या क्रमानं पुन्हा आवळून बघितले. पावणेतीन वाजता मी सामान डिक्कीत टाकलं तेव्हा ते जवळ आले.

"जाताना कोपऱ्यावर दाखवून घे," ते म्हणाले.

मी डिक्की बंद केली.

"ज्यानं काम केलं त्यानं पास करायचं नसतं. दुसरी सही हवी."

आता खोटं बोलणं माझ्यानं झालं नसतं. "मी मघाशीच सांगून ठेवलंय त्याला," मी म्हटलं. "तुम्हाला न विचारता."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. दुखावले असतील तर दिसलं नाही. "बरं केलंस," म्हणाले, आणि चपला घालून निघाले. आई पण निघाली, पदराला हात पुसत. तिघंही गाडीत बसून कोपऱ्यापर्यंत गेलो, शंभर पावलांवर. बाबा माझ्या शेजारी बसले होते आणि त्यांचा उजवा पाय पूर्णवेळ समोरची फळी दाबत होता.

गॅरेजवाल्यानं चारही निपला बोट लावून बघितल्या, बोट हुंगलं, डबीचं झाकण उघडून बघितलं. मग एकटाच गाडी घेऊन पाण्याच्या टाकीकडच्या उतारावर गेला. आम्ही तिघं त्याच्या बाकाशी उभे. बाबा बाकापासून रस्त्यापर्यंत आणि रस्त्यापासून बाकापर्यंत फेऱ्या मारत होते. मला भीती वाटत होती. ब्रेकची नव्हे, तो परत येऊन काही चूक दाखवेल आणि बाबांचा चेहरा मला बघावा लागेल, याची. तो आला, खाली उतरला आणि किल्ली बाबांच्या हातात दिली.

"काका, एक नंबर झालंय. उतारावर तीनदा दाबला, जागच्या जागी उभी राहते. माझ्याकडून एवढं नीट झालं नसतं." मग बाटलीकडे त्याचं लक्ष गेलं. बाबांनी जुन्या तेलाची बाटली बरोबर आणली होती, नाल्यात ओतायची नाही म्हणून. त्यानं ती उजेडात धरली. "हे किती वर्षांचं?"

बाबा दोन वर्षं म्हणू शकले असते. पाच म्हणू शकले असते.

"तेरा," ते म्हणाले.

गॅरेजवाल्यानं बाटली खाली ठेवली. "यावर घाट उतरायचात? नशीब म्हणायचं तुमचं, काका. कधी पेडल बसलं नाही?"

"एकदा," बाबा म्हणाले.

आई आणि मी एकदमच त्यांच्याकडे वळलो. "कधी?" आई म्हणाली.

"ही नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. हिच्या मावशीकडून परत येताना. पाचव्या वळणावर आपण दरी बघायला थांबलो होतो बघ, पाऊण तास." बाबा बाकावर बसले. "पेडल थेट खाली गेलं होतं. हँडब्रेक हळूहळू ओढत गाडी कडेच्या मातीवर चढवली. थंड झाल्यावर पेडल पुन्हा वर आलं. घरी येऊन पॅड बदलले आणि मनातला विषय मिटवला. काय झालं होतं ते परवा पुस्तक वाचलं तेव्हा कळलं. एकतीस वर्षांत एक लिफ्ट मी नशिबावर सोडली नाही. आणि तुम्हा दोघींना मागे बसवून..."

मला तो दिवस चांगला आठवत होता. घरात येणाऱ्या प्रत्येक बाईनं ती गोष्ट आईच्या तोंडून ऐकली होती. आई म्हणाली होती, किती छान दिसतंय, जरा थांबवा ना, आणि बाबांनी एका शब्दानं न विचारता गाडी थांबवली होती. मग एका दगडावर जाऊन बसले होते, आमच्याकडे पाठ करून, न हलता, न बोलता. हा माणूस आयुष्यात एकदाच स्वस्थ बसला, आणि तो माझ्यासाठी बसला, असं आई सांगायची.

"मला वाटलं मी म्हटलं म्हणून थांबलात," आई म्हणाली.

"मला ऐकूच आलं नाही तू काय म्हणालीस ते. पार घाबरलो होतो. तुम्हाला दिसू नये म्हणून तिकडे तोंड करून बसलो."

गॅरेजवाला उगाच कापड घेऊन पाने पुसायला लागला. मला बाबांना काहीतरी बोलायचं होतं, रागाचं नव्हे, पण मला दुसरं काही येत नाही. आई रस्त्याकडे बघत होती.

"दरी छान दिसत होती पण," ती म्हणाली.

"मी बघितलीच नाही," बाबा म्हणाले.

आईनं गाडीचं मागचं दार उघडलं, माझी उशी आणि बादली खाली पायाशी सारली, आत बसली आणि शेजारची जागा हातानं झटकली.

"दूध तापवायचं राहिलंय घरी," बाबा म्हणाले. "मागचं दार नुसतं लोटलंय."

"राहू दे," आई म्हणाली. "बसा."